टोमॅटोंची आवक

नाही नाही, दार असं एकदम ओढू नका — थांबा, दुसरा हात खाली धरा, ओंजळीसारखा, आणि मग हळूच... हां. बघा. म्हटलं नव्हतं? दोन-चार तरी अंगावर येतातच. लागलं नाही ना? पिकलेले आहेत, लागत नाहीत. शर्टाला डाग पडतो, तो धुतला की जातो — म्हणजे जात नाही, पण कशाचा आहे ते ओळखू येत नाही. ही नाडी? ती मीच बांधली होती दाराला, आतून रेटा यायला लागला म्हणून. पायजम्याची आहे, पण कोरी आहे, संकोच करू नका. तर काय विचारत होतात? कधीपासून बंद आहे? बंद असा नाही हो तो. दिवसभर घरघरतो, मधूनच अंग झाडल्यासारखा थरथरतो, आतला दिवाही लागतो — फक्त थंड करत नाही. आमच्या ऑफिसात असे एक साहेब होते. आवाज दिवसभर, काम शून्य. त्यांना बढती मिळाली. याच्या नशिबी मात्र मेकॅनिक आला.

सगळे बाहेर काढायचे? सगळे? मागच्या रांगेतलेसुद्धा? बरं, तुमचं काम तुम्हाला ठाऊक. थांबा, पातेलं देतो. या पातेल्यात आहेत. हे दुसरं — यातही आहेत. बादलीत तर हिरवे पिकायला ठेवलेत. असं करू, मी पलंगावर चादर अंथरतो, तुम्ही मला देत जा, मी नेऊन ठेवतो. हळू. तो मोठा आहे ना, कमळासारख्या पाकळ्या पडलेला, तो खास बघा. वजनाला असा की हातात घेतला की माणूस आपोआप गंभीर होतो. विकत नाही हो आणलेले, विकत कोण आणेल एवढे. घरचे आहेत. ही समोरची गॅलरी — ते हिरवं दिसतंय ना, तो पडदा नाही, ती झाडं आहेत. शेवटचा मजला, सकाळचं ऊन थेट आत. तुम्ही आलात तेव्हा खोलीत दिवा का लावलाय असं वाटलं असेल तुम्हाला. ऊन गॅलरीतच संपतं. आत येईपर्यंत काही उरत नाही त्याचं.

कशी लावली म्हणता? म्हणजे तुम्ही म्हणाला नाहीत, पण चेहऱ्यावर आलं. मी निवृत्त झालो ना, तेव्हा लोकांनी घाबरवून सोडलं होतं — वेळ जाणार नाही, खायला उठेल, काहीतरी छंद लावून घ्या. मी पाणीपुरवठा कचेरीत होतो, नव्या नळजोडणीचे अर्ज घेण्याच्या खिडकीवर. त्या खिडकीत बसून माणसाला कसला छंद लागणार. लोक शिव्या देतात, आपण अर्ज घेतो. तर घरी बसल्यावर एके दिवशी आमची ही एक अतिपिकलेला टोमॅटो टाकून द्यायला निघाली. मी म्हटलं, थांब. बिया काढल्या, वर्तमानपत्रावर पसरल्या, वाळवल्या, आणि एका ट्रेमध्ये माती घालून पेरल्या. ट्रे हिचा, चहाचा, पाहुण्यांसाठीचा — तेव्हापासून पाहुण्यांना कप हातात देतो आम्ही. मला काय वाटलं, पाच-सहा उगवतील. सगळ्या उगवल्या. अक्षरशः सगळ्या. सकाळी बघतो तर ट्रेमध्ये ही गर्दी, माना ताठ करून उभे, जणू खिडकी उघडायची वाट बघतायत. मला एकदम ऑफिसात गेल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आता पुस्तकात — वाचनालयातून आणलं होतं, मी पुस्तकाशिवाय काही करत नाही, पोहायलाही पुस्तकातूनच शिकलो, म्हणून येत नाही — पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं की रोपं बोटभर झाली की धडधाकट तेवढी ठेवा, बाकीची उपटून टाका. बाकीची उपटून टाका. किती सोपं वाक्य आहे बघा. मी चिमटीत एक धरलं, लुकडं होतं, एका अंगाला कललेलं. आणि हात पुढे जाईना. कारण काय द्यायचं त्याला? आमच्याकडे अर्ज नाकारायचा तर शेरा लिहावा लागतो, शेऱ्याखाली सही करावी लागते. मी आयुष्यात एकही अर्ज नाकारला नाही. दयाळू होतो म्हणून नाही हो, भित्रा होतो म्हणून. मी फक्त ‘त्रुटी पूर्ण करून आणा’ म्हणून परत पाठवायचो. लोक त्रुटी पूर्ण करून आणायचे, मग मी दुसरी त्रुटी काढायचो. पण नकार — नाही. तर या लुकड्या रोपाची त्रुटी काय? जागा कमी, माती कमी. म्हटलं, पूर्ण करून देऊ. त्याला दिली स्वतंत्र कुंडी. मग शेजारच्यानं काय घोडं मारलंय? त्यालाही दिली. कुंड्या संपल्या तेव्हा रंगाचे डबे, तेलाचे डबे, झाकण हरवलेला कुकर. एक जुनी प्रवासाची पेटी होती, तिच्यात चार लावली. ही म्हणाली, ‘अहो, जगातलं एक तरी रोप मरू द्याल का?’ मी म्हटलं, ‘अगं, जगतील तेवढी जगतील.’ सगळी जगली. ते लुकडं होतं ना, तुम्ही आत्ता कमळासारखा टोमॅटो काढलात, तो त्याचाच.

पंखा अडकलाय? कुठला पंखा? आत पंखा असतो होय. आणि या जाळीतून गार वारा येतो — म्हणजे जिथे मी मागची रांग रचली होती तिथूनच. वारा यायलाच वाट नव्हती म्हणा की. बर्फ धरलाय? हे म्हणजे गंमतच झाली, आत बर्फाचा डोंगर आणि बाहेर दूध नासतंय. अगदी सरकारी योजना. वितळवावा लागेल? वितळवा, वितळवा, मला घाई नाही. तुम्हाला असेल, पण ती आता उपयोगाची नाही.

तर काय सांगत होतो — फुलं. फुलं आली, आणि फळ धरेना. पुस्तकात म्हटलंय की फूल हललं पाहिजे, वाऱ्यानं किंवा मधमाशीनं. आमच्या गॅलरीला तीन बाजूंनी भिंत, वारा नाही, आणि मधमाशी एवढ्या वरच्या मजल्यावर कशाला येते, तिच्या काय बापाचं राहिलंय. मग मीच. रोज सकाळी चहाच्या आधी एकेका फुलाला मागून टिचकी. अशी, हलकी. आणि जाता-जाता विचारपूस — काय, बरं आहे ना, काल पाणी कमी पडलं का, हे पान का पिवळं? आता एकट्या झाडाशी काय बोलायचं असतं, पण टिचकी मारून नुसतंच पुढे जाणं मला उद्धटपणाचं वाटतं. ही आतून बघायची. एकदा म्हणाली, ‘मला ताप होता परवा, ते कळलं का तुम्हाला?’ मी म्हटलं, ‘कळलं ना, तू झोपून होतीस.’ म्हणाली, ‘हं.’ आणि आत गेली. हिच्या ‘हं’ला मी तेव्हा फारसं महत्त्व दिलं नाही. तेव्हा पहिली फळं धरली होती, वाटाण्याएवढी.

पहिला टोमॅटो मात्र — भाऊ, तो सांगायलाच हवा. वरून लाल, देठापाशी जरा हिरवट, उन्हानं कोमट झालेला. मी गॅलरीच्या पायरीवर बसलो, ही तिच्या खुर्चीत, सुरी आणायचाही धीर नव्हता, मी तो हातानंच फोडला आणि अर्धा हिला दिला. मीठ होतं बशीत. तो वास — तुम्ही पानाला हात लावून बघा आणि मग बोटं हुंगा, तसा, पण गोड — आणि रस असा की हिच्या कोपरापर्यंत ओघळ गेला. बाजारातला टोमॅटो खाताना आपण पाणी खातो, लाल पाणी. हे म्हणजे... मला शब्द सापडत नाही, आणि मी अर्जांच्या बाहेरही पुष्कळ वाचलेला माणूस आहे. मी हिच्या तोंडाकडे बघत होतो. हिनं सावकाश खाल्ला, बोटं चाटली, मनगट चाटलं — मी हिला असं कधी पाहिलं नव्हतं, इतक्या वर्षांत — आणि म्हणाली, ‘बरा आहे.’ बरा आहे! हिच्या तोंडून ‘बरा आहे’ म्हणजे इतरांची शाल आणि श्रीफळ. मला म्हणाली होती ती एकदाच असं, लग्न ठरताना, तेही माझ्याबद्दल तिच्या बहिणीला. मी त्याच दिवशी आणखी माती मागवली.

आणि मग ते सुरू झालं. थांबेनात. सकाळी टोपली भरावी तर संध्याकाळी पुन्हा लाल. पहिल्या आठवड्यात मी राजा होतो. शेजारी दार उघडायचे, ‘अय्या, घरचे?’ म्हणायचे. दुसऱ्या आठवड्यात ‘अरे वा, पुन्हा?’ त्यानंतर मी बेल वाजवली की आतला टीव्हीचा आवाज बंद व्हायचा. म्हणजे समजा तुम्ही आत आहात आणि आवाज चालू आहे, तर तो चालूच ठेवा ना, बंद केलात की मला कळतं. लिफ्टमध्ये माझ्या हातात पिशवी दिसली की लोक जिन्यानं जायला लागले — तब्येती सुधारल्या असतील त्यांच्या, तेही माझंच श्रेय. खालच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात, त्यांच्या मिसेसनी एकदा मोठ्या प्रेमानं सॉसची बाटली आणून दिली, मी झाकण उघडून हुंगलं आणि ओळखलं. माझेच. बाटलीत घालून मलाच. आमच्याकडे याला ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी परत’ म्हणायचे. पण त्याहून वाईट म्हणजे — तुम्ही हसणार नाही ना? हसा, बर्फ वितळेपर्यंत काम तरी काय आहे — एके दिवशी सकाळी दार उघडतो तर उंबऱ्याशी पिशवी. आत टोमॅटो. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, की या इमारतीत आणखी कोणीतरी आपल्यासारखं आहे, लावतोय, तोडतोय, वाटतोय. मी पिशवी घेऊन आत गेलो, हिला हाक मारली, ‘अगं ये, बघ, आपला कोणी भाऊबंद निघाला.’ हिनं टोमॅटो नाही बघितले. हिनं ते गुंडाळलेला कागद सरळ केला. त्यावर शब्दकोडं होतं. अर्धं सोडवलेलं, माझ्या अक्षरात.

ही त्या दिवशी खूप हसली. पलंगावर बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी आधी रागावलो आणि मग मीही हसलो. त्यानंतर हसल्याचं मला आठवत नाही. म्हणजे आमचं दोघांचं. मी हसतो अधूनमधून.

काय हवंय? केस वाळवायचं मशीन? बर्फावर वारा मारायला, हो हो, कल्पना चांगली आहे. आहे ना, हिचं आहे. कपाटात असेल, थांबा — हे घ्या. नवंच आहे. मुलीनं पाठवलं, ती परगावी असते, हिनंच तिला फोन करून मागवलं. मला नवल वाटलं होतं तेव्हा, कारण हिला यंत्रांचा कंटाळा. केस धुतले की ही गॅलरीत बसायची, उन्हाकडे पाठ करून, घडीची खुर्ची होती तिची, मोकळे केस पाठीवर आणि हातात पेपर. तास-दीड तास. बोलायची नाही. मी म्हणायचो, ऊन लागेल, ती म्हणायची, लागू दे. घरभर दिवसभर हिचं काही ना काही चालू असतं, तेवढाच काय तो वेळ ती कोणाची नसायची. मग ते बंद झालं आणि मशीन आलं. बंद का झालं? आता, जागेचा प्रश्न येतो ना. आधी खुर्ची मी थोडी सरकवली, कारण पेटीवर सावली पडत होती. मग थोडी आणखी. मग दारात आली, तिथे येण्या-जाण्याला आड यायची. शेवटी मी ती परत गॅलरीतच नेली, म्हणजे मी काही खुर्ची बाहेर काढली असं नाही — नेली, आणि तीन डबे ठेवले तिच्यावर. उंचीला बरोबर यायचे.

तुम्ही चालू करा मशीन. चालतं का? चालतं.

कधी येणार ही? येईल की. बहिणीचा गुडघा दुखतो म्हणून गेलीय, तिला सोबत म्हणून, दोन दिवसांसाठी. आता दोन दिवस होऊन गेले, पण गुडघ्याचं तुम्हाला माहीत आहे, गुडघा काही वेळापत्रक बघून बरा होत नाही. बहीण स्वतः आली होती न्यायला. लिफ्ट बंद होती तर सगळे मजले चढून आली, धापसुद्धा लागली नव्हती तिला. मला म्हणाली, ‘काय भाऊजी, पीक कसं आहे?’ मी म्हटलं, बस ना, दाखवतो. म्हणाली, ‘कुठे बसू?’ तिचं बोलणं असंच असतं, पहिल्यापासून. आणि ही बॅग भरून बाहेर आली, गॅलरीत गेली. मला वाटलं झाडांना पाणी घालतेय. तर हिनं त्या खुर्चीवरचे डबे एकेक करून खाली ठेवले — अगदी अलगद हो, एक पान मोडलं नाही — मग पदरानं खुर्ची पुसली, घडी केली, आणि बगलेत मारून निघाली. मी दारात उभा. मी काय म्हणालो असेन? सांगा ना, काय म्हणालो असेन? म्हणालो, ‘लिफ्ट बंद आहे, जड होईल.’ माणूस दोन दिवसांसाठी जाताना खुर्ची घेऊन जातो का? हे मला ती गेल्यावर सुचलं. मी त्या मोकळ्या जागेकडे बघत बसलो होतो. आणि त्याच दिवशी — आता सांगतोच — त्याच दिवशी संध्याकाळी मी ते तीन डबे जरा पसरून ठेवले. झाडांना हवा लागते.

नाही, मी फोन केला होता. केला की. रोज करतो. उचलते ती. मी सांगतो आज किती निघाले, कुठल्या झाडावर कीड दिसली, ती ‘हं’ म्हणते. एकदा एक पिशवी पाठवलीही रिक्षानं, चांगले निवडून, एकसारखे. पोचली म्हणाली. कसे होते म्हटलं, तर म्हणाली शेजारी वाटले. आता यावर माणसानं काय समजायचं? मी मुलीला विचारलं, तुझ्या आईच्या मनात काय आहे. ती म्हणाली, बाबा, तुम्ही तिला हे विचारलंत का? मी म्हटलं, तेच तुला विचारतोय. मुलीनं फोन ठेवला. तिलाही कामं असतात. आणि फ्रिज बिघडल्याचंही मी तिलाच सांगितलं होतं. तिनं लगेच तुम्हाला पाठवलं, हे मात्र मानलं पाहिजे, परगावाहून —

तिनं नाही? मग कोणी? मी तर फोन नाही केला. वयस्कर बाईंचा? कोणत्या बाई — कुठला नंबर होता? दाखवता का जरा. ते मशीन बंद करा आधी, ऐकू येत नाही. हा... हा साडूच्या घरचा नंबर आहे. हिनंच केला म्हणायचा. मुलीनं हिला सांगितलं असणार. मला काही बोलली नाही, काल रात्रीच तर बोलणं झालं. काय म्हणाल्या त्या? शब्द सांगा, अंदाजे नको. ‘आधी सगळं बाहेर काढायला लावा’ — बरोबर, हीच. ‘आणि त्यांच्या बोलण्यात अडकू नका.’ अस्सं. ते तुम्हाला जमलं नाही, माफ करा. आणखी? आणखी काही म्हणाल्या असतील. तुम्ही असे गॅलरीकडे का बघताय मघापासून? मला वाटलं तुम्हालाही झाडांची आवड. सांगा हो. सांगू नका असं म्हणाल्यात का? नाही ना? मग सांगा.

‘गॅलरीत खुर्ची मावेल एवढी जागा आहे का, तेवढं बघून या’ — असं म्हणाल्या?

बस्स? एवढंच? तुम्हाला म्हणाल्या, फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला? — नाही, तुमच्यावर राग नाही, तुम्ही काय करणार. स्थळपाहणी आहे ही. आमच्याकडे अर्जदार म्हणायचा सगळं ठीक आहे, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो, तिऱ्हाईत माणूस पाठवून जागा बघायची असते. हे तिला मीच सांगितलंय कधीतरी, जेवताना. मी रोज फोनवर तासभर बोलतो, तिला मला हे विचारता आलं असतं. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? सांगितलं असतं, आहे की जागा, थोडी सरकवासरकव करावी लागेल. हो. अगदी असंच सांगितलं असतं. तिला ठाऊक आहे.

फोन कधी करायचाय तुम्ही त्यांना? काम झालं की. काम किती राहिलंय? पंखा फिरायला लागला? मग झालंच म्हणायचं. नाही, असं करा, जरा चहा घ्या. टोमॅटो तरी खा. बसा — कुठे बसणार, खरंच की. मला थोडा वेळ द्या, भाऊ. मी हे डबे पटकन झोपायच्या खोलीत... तिथे पलंगावर तुमच्यासमोरच टोमॅटो मांडलेत. मग बाथरूममध्ये. अंघोळ काय उभ्यानंही होते. नाही? का नाही? असे बघू नका. ठीक आहे. जिन्यात ठेवले असते, पण बँकवाले तक्रार करतील आणि त्यांचं बरोबर असेल.

तो कोपरा. कठड्याच्या जवळचा. तिथेच ऊन आधी येतं. पाठ कठड्याला, पाय इकडे — हां, तेवढी जागा करायची तर ही पेटी जाते, तो कुकर जातो, आणि हे चार. पेटीतली बहरात आहेत हो. हे बघा, झुबका लागलाय, अजून हिरवा. आणि मातीसकट पेटी उचलवणार नाही तुम्हाला-मला. म्हणजे झाडं काढावीच लागणार. तुम्ही धराल का ती पोत्याची कड? तोंड उघडं ठेवा. नाही, मीच काढतो, तुम्ही काढू नका. बुंध्याशी धरायचं आणि सरळ वर. पुस्तकात आहे.

निघालं. कसं सहज निघालं बघा. मुळं किती, मूठभर नुसती. मला वाटायचं फार खोलवर गेली असतील. दुसरं द्या. पान मोडलं तरी चालेल आता. हा वास मात्र दोन-तीन दिवस बोटांना राहणार. बोला काहीतरी, मघापासून मीच बोलतोय. पेटी सरकवा. आणखी. आता ते लुकडं — ते मोठ्या डब्यातलं, कललेलं — ते मधेच येतं. खुर्ची लागेल कशीबशी, पण केस मोकळे सोडले की पानं टोचतील मानेला. टोचतील ना? तुम्ही उभे राहून बघा तिथे. पाठ करा. लागतात? खरं सांगा. लागतात.

द्या ते पोतं.

आता लावा फोन, माझ्याच फोनवरून लावा, हा घ्या. थांबा, काय सांगाल? आत्ता, तुमच्यासमोर, घाईघाईनं जागा केली असं सांगू नका. नाही, सांगा. स्थळपाहणीत जे दिसलं तेच सांगायचं असतं. खोटा अहवाल देणारे आमच्याकडे पुष्कळ होते, त्यांनी कागदावर मांडलेल्या नळांना अजून पाणी नाही. सांगा, की मी गेलो तेव्हा जागा नव्हती. मग झाली. फरशीवर माती आहे हेही सांगा, मी पुसतो म्हणावं. फ्रिज चालू झाला हे आधी सांगा पण, म्हणजे त्यांना वाटेल मुख्य काम तेच होतं. लागला? वाजतोय? मी हात धुवून येतो तोवर, माझे हात बघताय ना कसे झालेत. मला नका देऊ फोन, मी काय बोलणार, मी उगाच किती किलो निघाले ते सांगत बसेन. तुम्हीच बोला. — काय म्हणतायत? मला द्या म्हणतायत? सांगा ना, हात भरलेत. — द्या इकडे.

हं.

हो, मीच.

हं... हं.

तुम्ही निघा आता, भाऊ. हो, दार नुसतं ओढून घ्या. नाही, मी काही बोलत नाहीये. ती बोलतेय.